खोलातला खोकला

"पेशी दिसल्या नाहीत ना? मग तसं लिहून टाका," नवे डॉक्टर सहीसाठी पेन उघडून म्हणाले.

पुन्हाबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली, पण कागद काही पुढे केला नाही. तेवीस वर्षं त्या या खोलीत रुग्णांची थुंकी काचपट्टीवर पसरून तपासत होत्या आणि नमुना मनासारखा नसला की "पुन्हा आणा" म्हणून सरळ परत पाठवत होत्या. नाव त्यावरूनच पडलेलं. ठेवणाऱ्यांना वाटे, बाईंना पत्ता नाही. बाईंना ते मनातून आवडायचं.

नमुना एका रंगाऱ्याचा होता. भिंती रंगवण्यात त्याचा जन्म गेलेला. एक्स-रेत उजव्या फुप्फुसावर छोटासा डाग निघाला होता आणि थुंकीत कॅन्सरच्या पेशी नसतील तर तीन महिने थांबून पाहू, असं छातीच्या डॉक्टरांनी ठरवलं होतं. म्हणजे ते तीन महिने बाईंच्या एका ओळीवर टांगलेले होते.

"यात धूळपेशीच नाहीत, डॉक्टर," बाई म्हणाल्या. फुप्फुसात गेलेली धूळ गिळणाऱ्या या पेशी. त्या असल्या तरच नमुना छातीतून आला म्हणायचा. "ही नुसती तोंडातली लाळ आहे. आपण घरात डोकावलोच नाही आणि घरात कोणी नाही, असं कसं लिहू?"

त्याला दोनदा परत पाठवलंय, आता तो भांडायला येईल, असं डॉक्टरांनी बजावलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: नमुना अपुरा. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून सही केली. साहेबासमोर असं ताठ राहणं दिसतं तितकं सोपं नसतं.

रंगारी खरंच भांडायला आला. डबीत थुंका म्हणालात, थुंकलो, आता काय काळीज काढून देऊ, म्हणाला. बायकोने बाही ओढून त्याला गप्प केलं. चूक त्याची नव्हतीच. डबी सगळ्यांनी हातात दिली, खोकायचं कसं ते कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई तासभर आधी आल्या. रंगाऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवून चूळ भरायला लावली. मग स्वतः छाती भरून श्वास घेतला, रोखला आणि पोटातून असं काही खोकून दाखवलं की पहारेकरी धावत आला. रंगाऱ्याला हसू आवरेना. त्या हसण्यातच त्याला ठसका लागला, पार बेंबीच्या देठापासून, आणि डबीत घट्ट राखाडी गोळा पडला.

दुपारी भिंगाखाली धूळपेशी दिसल्या, ढीगभर. दुसऱ्या काचपट्टीच्या कडेला आणखीही काही होतं: मोठ्या, काळपट केंद्राच्या पेशी, एकमेकींना रेटून बसलेल्या. बाईंनी तीनदा पाहिलं, मग शेजारी शाईचा ठिपका ठेवला. आपण चुकलो असतो तर बरं झालं असतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

डॉक्टर बराच वेळ भिंगात बघत राहिले.

"मी काल 'नाहीत' म्हणून सही करणार होतो," ते हळूच म्हणाले.

"केली नाहीत ना," बाई म्हणाल्या. "आता छातीच्या डॉक्टरांना फोन करा. डाग लहान आहे, ऑपरेशनची वेळ गेलेली नाही."

बाहेर नवराबायको थांबली होती. निकाल छातीच्या डॉक्टरांनीच सांगायचा, असा नियम होता. बाईंना पाहून रंगारी उठला.

"बाई, आज जमलं का मला?"

पेपर चांगला गेलेल्या मुलासारखा तो त्यांच्याकडे बघत होता.

"जमलं," बाई म्हणाल्या. "अगदी छान जमलं."

त्याने बायकोकडे ऐटीत पाहिलं. बाईंची जेवणाची सुट्टी झाली होती, पण त्या तिथेच त्याच्या शेजारी बसल्या, छातीच्या डॉक्टरांकडून त्याला बोलावणं येईपर्यंत.