चटयांत गुंडाळलेला खांब

"शांत झाला! खांब शांत झाला!" एलिसाराबुवा हात उंचावून ओरडले आणि अख्खं चर्च हेलावलं. बायका डोळे पुसू लागल्या. उपोलू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या गावात असा चमत्कार कुणाच्या बापजन्मी घडला नव्हता.

आणि साक्षीदार कोण? तर पेनिआमिना, गावाचा पेनी! आपिया शहरात राहून इंजिनियर झालेला, भुताखेतांना फिदीफिदी हसणारा हा शहाणा खुर्चीवर चढून मोबाइल नाचवत होता. "बघा! कालपर्यंत ही रेघ डोंगरासारखी वरखाली व्हायची. आज सपाट! यंत्रसुद्धा मानतंय!"

ती खुर्ची आठवली की पुढे त्याला धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं.

चर्चचा माळा त्या एका खांबावर तोललेला. खांबाला तडा गेलेला. म्हणून पेनीने त्यावर बिनतारी सेन्सरचा छोटा खोका चिकटवला होता. खांब जरा थरथरला की पेनीच्या फोनवर खबर. मग ऑकलंडहून बुवा उगवले. "मी पियानो उचलणारा हमाल होतो! एके दिवशी आकाशवाणी झाली, एलिसारा, पियानो ठेव, खांब उचल!" त्यांनी खांबाला मान द्यायला सांगितलं. घराघरांतून मानासाठी जपलेल्या बारीक विणीच्या चटया निघाल्या, खांब पाच पदरांत गुंडाळला गेला. खोका बुवांनी स्वतः काढून चटयांवरून बांधला. त्याचा हिरवा दिवा सगळ्यांना दिसायला हवा ना!

पंधरा दिवस रेघ सपाटच. रविवारी मुलांचा सण. ऐंशी पोरं माळ्यावर पाय आपटत गाणार, पहिल्या रांगेत पेनीची लेक. "टेकू लावायचे का?" गावच्या प्रमुखांनी विचारलं. "कशाला?" पेनी म्हणाला.

गुरुवारी मासिनाआत्या आली. पोरांना गाणी शिकवणारी, चर्च झाडणारी.

"पेनी, रुसलास का रे माझ्यावर?"

"का गं आत्या?"

"आधी माझा झाडू खांबाला लागला की लगेच तुझा फोन, 'आत्या, हळू!' आता रोज झाडू आपटतोय, पोरं वर धुडगूस घालतायत, आणि तुझा फोन नाही."

"खांब बरा झालाय, आत्या."

"बरा झाला की मेला? जित्या माणसाची नाडी तरी लागते."

पेनीने फोन उचलला. दोघं चर्चमध्ये गेले. आत्याने चटयांखाली उघड्या राहिलेल्या बुंध्यावर झाडूचा दांडा तीनदा हाणला. रेघ ढिम्म.

"सोड चटया," आत्या म्हणाली.

"मान म्हणून दिलेल्या चटया सोडू? गाव मला फाडून खाईल!"

"त्यातली एक मी विणलीय, आठ महिने बसून. माझ्या चटईचा मान मला ठाऊक. सरक."

चटया सुटल्या. पूर्वी तड्यात नख जायचं, आता पेनीचं बोट गेलं. त्याने खोका उघड्या खांबावर घट्ट बसवला. आत्याने हाणलं, रेघ टुणकन उडाली. माळ्यावर ऐंशी पोरं त्याच्या डोळ्यांपुढे आली.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर त्याने सगळ्यांसमोर प्रयोग केला. खोका खांबावर: ठोका, रेघ उडाली. खोका चटयांवर: ठोका, रेघ सपाट.

"श्रद्धा कमी पडली!" बुवा गरजले. "शंकेने चमत्कार विटतो!"

"बुवा," आत्याने विचारलं, "पियानो हलवताना त्याला घोंगड्या कशाला गुंडाळायचात?"

"धक्का लागू नये म्हणून..." बुवा बोलून गेले आणि जीभ चावली. पाच चटयांनी खांबाचा एकही धक्का खोक्यापर्यंत जाऊ दिला नव्हता. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याने चटईची तब्येत सांगितली होती, आणि ती खरंच ठणठणीत होती!

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसने बुवा पसार झाले. खांबाला टेकू लागले, चर्चला कुलूप लागलं. रविवारी पोरं बाहेर हिरवळीवर गायला उभी राहिली.

त्याआधी पेनी पुन्हा त्याच खुर्चीवर चढला. "बुवाने तुम्हाला फसवलं, पण तुम्ही विश्वास ठेवलात तो माझ्यावर. मी फोन बघितला, खांब बघितला नाही. चमत्काराशिवाय नमस्कार नाही म्हणतात. यापुढे चमत्कार दिसला की आधी चटई सोडून बघा. सांगणारा बुवा असो की इंजिनियर. मी असलो तर दोनदा बघा!"

"झालं? उतर आता खाली," आत्या म्हणाली. "तुझी लेक दिसत नाहीये मला."

पेनी उतरला. पहिल्या रांगेत त्याची लेक जोरजोरात पाय आपटत गात होती, आणि पायाखाली जमीन होती.