बेगायिमची कढई

युक्रेनमधल्या जखमी मुलांसाठी किर्गिझस्तानातल्या आमच्या नारिन गावच्या शाळेनं बोरसोक, म्हणजे पिठाचे तळलेले तुकडे, विकायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी हात वर केला बेगायिमनं. माझ्या वर्गात कुजबुज झाली. तिचा बाप मॉस्कोला बांधकामावर गेला आणि तिथूनच रशियाच्या फौजेत भरती झाला, हे गावभर झालं होतं. तिलेक नावाचं आमचं आगाऊ कार्टं तिला तोंडावर म्हणालं, "बाप तिकडे बॉम्ब टाकतो, लेक इकडे मलमपट्टी करते. बरं जमवलंय बाप-लेकीनं."

मी त्याचा कान पिरगाळला. पण खरं सांगते, मलाही ती पोर तिथं नकोच होती. लोक बोलणार, आणि ऐकून घेणार मी. तिला म्हटलं, तू पीठ मळ, कढईपाशी दुसरी कुणी उभी राहील. ती ऐकेना. तळीन तर मीच, म्हणून हटून बसली.

शुक्रवारी शाळेच्या अंगणात चूल पेटली. पिठाचे चौकोनी तुकडे तेलात पडले, टम्म फुगले. पहिला घाणा निघाला तशी गिऱ्हाइकं पुढे सरकली. बेगायिमनं मात्र त्यातला एक तुकडाही कुणाला दिला नाही. परातीपुढे बसली, तळवे उघडून ओठ हलवले आणि तोंडावरून हात फिरवले.

हे आम्ही मेलेल्यांसाठी करतो. तळणाचा वास हेच त्यांचं जेवण. मी तिच्याशेजारी बसले आणि कधी झालं, म्हणून विचारलं.

हिवाळ्यातच बापाच्या फौजेतल्या सोबत्याचा फोन आला होता. बाप मेला, प्रेत मिळायचं नाही, असं त्यानं सांगितलं. आजोबा मात्र ते मानायला तयार नव्हते. जिवंत माणसाच्या नावानं तेल तापवायचं नाही, म्हणत त्यांनी घरातली कढईच कुलपात घातली होती. तेव्हापासून आपला बाप उपाशी आहे, असं या पोरीनं मनाशी धरलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "हे पैसे ज्या पोरांना जाणार, त्यांचे हातपाय बाबानंच तोडले असतील. तरी वास त्याला पोचेल ना?"

"पोचेल," मी म्हणाले.

त्या पोरांचे फोटो आम्ही समोरच्या भिंतीवर चिकटवले होते. पोचू नये, असंच मला वाटत होतं.