हनुवटीतून हिरडीखाली

मी हाडाचा एक जुना तुकडा आहे. हसू नका, मित्रांनो. कुत्र्याला हाकलताना तुम्ही माझेच नाव घेता, आणि कोणाची थोरवी सांगायची झाली की "हाडाचा कलावंत" म्हणून मलाच पुढे करता. तेव्हा माझी योग्यता काय, हे एकदाचे ठरवा आणि मग ऐका.

माझा जन्म एका हनुवटीत झाला. बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या एका बाईंची ती हनुवटी. चालक आणि वाहक त्यांना भोंगाताई म्हणत. कोणाही वरिष्ठापुढे ही हनुवटी खाली झुकल्याचे मला स्मरत नाही. त्यामुळे झुकण्याची सवय मलाही कधी लागली नाही.

एकदा गाडीच्या पायरीवरून ताईंचा पाय निसटला आणि वरचे पुढचे दोन दात निखळले. त्यांनी दोन दातांची कवळी करून घेतली. परंतु मित्रांनो, दात गेला की त्याच्या मुळाशी असलेले हाड बेकार होते, आणि बेकार हाड झिजू लागते. वरचे हाड झिजत गेले, कवळी ढिली झाली, आणि एके दिवशी भर घोषणेत सुटून माईकवर आपटली. साऱ्या स्थानकाने तो खणखणाट ऐकला. कवळीविना तर अधिकच फजिती! त, थ, द, ध हे दंत्य वर्ण होत. दातांअभावी 'तीन'चे 'हीन' होई आणि 'दहा'चे 'हहा'. "फलाट क्रमांक हहा" ऐकून प्रवासी पोट धरधरून हसत.

ताई दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

"पक्का दात बसवायचा तर खाली स्क्रू लागतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि स्क्रूला भिंत नको का? इथं नुसता पुठ्ठा उरलाय. तुमच्याच हनुवटीतलं हाड काढून वर लावू."

"झाडाचं कलम करतात, तसं?"

"अगदी तसंच. पण रुजेपर्यंत मी सांगेन तेव्हाच कवळी. तिचा दाब पडून तुकडा हलला, तर सगळं वाया."

अशा रीतीने माझे स्थलांतर झाले. दोन इवल्याशा स्क्रूंनी मला वरच्या झिजलेल्या हाडावर आवळण्यात आले आणि वरून हिरडी शिवण्यात आली. तेथे मी उपरा होतो. शेजारच्या हाडातून रक्त माझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत उपाशी राहणे आणि तसूभरही न हलणे, एवढेच माझे कर्तव्य होते. ते मी दात ओठ न खाता पार पाडीत होतो, कारण खायला दात नव्हतेच!

ताई कामावर परतल्या आणि स्थानकप्रमुख साहेबांनी बजावले, "सोमवारी मी स्वतः फलाटावर उभा राहून ऐकणार. कळलं नाही तर मंगळवारपासून रेकॉर्डचं यंत्र बोलेल. तुम्ही सामानाच्या खोलीत बसा."

सोमवारी सकाळी ताईंची नणंद कवळीची डबी घेऊनच उभी राहिली. तिच्या जिभेत माझे एकही भावंड नव्हते.

"वहिनी, घाल की! दाबून बसव. अर्ध्या दिवसाचा तर प्रश्न! का सामानाच्या खोलीत उंदीर मोजायचेत?"

ताईंनी कवळी उचलली. ती ओठांपर्यंत आली. तिची कड मला ओठाआडून जाणवली. मित्रांनो, तो दाब मी सोसू शकलो नसतो. ताईंनी आरशात पाहिले. मग त्यांनी कवळी डबीत टाकली आणि झाकण खट्‌कन लावले.

"नाही घालणार."

स्थानकावर त्यांनी माईक चालू केला. साहेब खाली फलाटावर हात बांधून उभे होते.

"डोंगराकडची गाडी, चार नंबरच्या अलीकडच्या फलाटावर लागली आहे!"

क्षणभर सारे स्थानक गोंधळले. मग लोक बोटांवर मोजू लागले, हसले, आणि नेमके तीन क्रमांकाकडे धावले.

"किनाऱ्याकडची गाडी नऊच्या पलीकडे उभी आहे! चढा भराभर!"

"भोंगाताई," एक चालक खिडकीतून ओरडला, "माझी गाडी कुणाच्या अलीकडे, ते पण सांगा!"

साहेब जिना चढून तणतणत वर आले. "ही काय कोडी चालवलीत? कवळी कुठाय?"

"घरी. हाड अजून ओलं आहे."

"आणू का यंत्र?"

"आणा. मी नाही हलणार." ताईंनी हनुवटी वर केली. "चुकली का कुणाची गाडी?"

मीही हिरडीखालून म्हणालो, मी नाही हलणार!

साहेबांनी खिडकीतून पाहिले. डोंगराची गाडी भरून निघाली होती. किनाऱ्याच्या गाडीत उभे राहायलाही जागा नव्हती. ते आले तसे जिना उतरून गेले. मंगळवारी ताई माईकपाशीच होत्या, आणि नंतरही.

काही महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी हिरडी उघडली, ते दोन छोटे स्क्रू काढले आणि माझ्यात भोक पाडायला घेतले. त्यांचा हात मध्येच थांबला.

"केवढं कडक झालंय हो हे! जुनं कुठलं नि नवं कुठलं, कळत नाही."

मला वेदना झाल्या नाहीत. अभिमान मात्र झाला. मोठा स्क्रू आला, त्याला मी चहूबाजूंनी मिठी मारली. त्यालाही यथावकाश रुजू दिले आणि मग त्यावर दात बसले. आता ताई "फलाट क्रमांक तीन" असे म्हणतात तेव्हा तो धक्का थेट माझ्यावर येतो, आणि मी तो आनंदाने झेलतो.

मित्रांनो, कोणाचे हाड जुळत असेल, मग ते पायाचे असो वा जबड्याचे, त्याला वेळ द्या. "आजच्या दिवस चालतंय" असे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांना ठणकावून नाही म्हणा. 'न' हा वर्ण पुस्तकात दंत्य म्हणून छापलेला आहे खरा. पण जीभ नुसती हिरडीला टेकली तरी तो स्पष्ट निघतो. नाही म्हणायला दात लागत नाहीत.