दोन दिवसांसाठी नेलेला टेकू

मी पेंटरचा टेकू बोलतोय. दोष दादाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. नंतर त्याचा शांत चेहरा बघून तुमचा घोटाळा व्हायला नको.

टेकू म्हणजे दोन हात लांब काठी, टोकाला चिंध्यांचा गोळा. गोळा पाटीच्या कडेला टेकवायचा, दुसरं टोक डाव्या हातात धरायचं आणि उजवं मनगट माझ्यावर ठेवून अक्षरं रंगवायची. हात हलत नाही, ओल्या रंगाला लागत नाही.

बाबांनी मला मच्छरदाणीच्या दांड्यातून तासून काढलं. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. दादाला शिकवायला घेतलं, तर दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, "मी काय जन्मभर 'येथे गाड्या लावू नयेत' लिहू?" मग माझ्या वाट्याला ताई आली, त्याची धाकटी बहीण.

ताई शिरोरेषा ओढताना श्वास रोखायची. अख्खी रेघ एका दमात. तिच्या मनगटाची नाडी मला लागायची, संथ संथ होत जाणारी.

बाबाही काही साधे नव्हते. शेवटची सहा वर्षं त्यांना धड दिसत नव्हतं, पाट्या ताईच रंगवायची. कोपऱ्यात नाव मात्र त्यांचं. "गिऱ्हाइकाला ओळखीचं नाव लागतं," म्हणायचे. ताई तेही झोकात लिहायची.

दादा मोठा चित्रकार झाला. बाबा गेल्यावर कुठल्याशा शिबिरात दहा दिवस मौन धरून आला आणि आल्यापासून त्याचं तोंड बंद होईना. तो आतून बदलला होता, त्याला मुळं सापडली होती. आता प्रदर्शनात मांडायला एखादं मूळ हवं होतं, म्हणून मला न्यायला आला. ताई तेव्हा दवाखान्याची पाटी रंगवत होती.

"दोन दिवसांसाठी दे गं, चिमे."

"अक्षरं अर्धी आहेत, दादा."

"बाबांचाच आहे ना तो?"

ताईनं ब्रश खाली ठेवला. दिलं तिनं मला.

त्यानं मला फळीवर कायमचं चिकटवलं, वर काच लावली. खाली चिठ्ठी: 'वडिलांची साधना-काठी'. "कंपनं जाणवतात," एक बाई डोळे मिटून म्हणाली. जाणवणारच, भिंतीमागे पंख्याची मोटर होती.

तिसऱ्या दिवशी ताई आली. दादा लोकांना सांगत होता, "याच काठीवर हात टेकून मी श्वास शिकलो."

"दादा, टेकू दे. पाटी अडलीय."

"तो आता टेकू राहिला नाही, चिमे. वारसा झालाय."

"वारसा मी रोज वापरत होते की."

लोक हसले. कुणीतरी विचारलं, "या कोण?"

"धाकटी बहीण," दादा मायेनं म्हणाला. "घर सांभाळते."

मला वाटलं, आता काच फुटते. ताईनं काचेवर नुसतं मनगट टेकवलं, तिथंच, जिथं रोज टेकवायची. नाडी मला लागली नाही. "काच चांगली बसवलीस," ती म्हणाली आणि निघून गेली.

परवा दादा एका पाहुण्याला सांगत होता, बहिणीनं रंगकाम सोडलं, बरं झालं, तिला विश्रांती हवीच होती.

तुम्ही प्रदर्शनाला आलात, तर माझ्यापुढे हात जोडू नका. ती चिठ्ठी खोटी आहे, एवढं शेजारच्याला सांगा.

दवाखान्याला छापील पाटी लागलीय म्हणे. ताईनं त्यानंतर एक अक्षरही रंगवलेलं नाही.