छातीतली टिकटिक

"आजी, तुमच्या वयाला जनावराच्या पडद्यापासून केलेली झडप बरी," हृदयाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मला यंत्राचीच बसवा. आमच्या ह्यांना तीच होती, शेवटपर्यंत ठणठणीत चालली."

शेजारी बसलेल्या लेकीनं कपाळाला हात लावला. लावू दे. हृदय माझं, झडप माझी.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा समजावलं. यंत्राची सहसा झिजत नाही, पण रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर मागे लागते, सारखं रक्त तपासायचं, आणि म्हातारपणी कुठं आपटलो तर रक्त थांबता थांबत नाही. पडद्याची दहा-पंधरा वर्षांनी खराब होऊ शकते, पण गोळीचा जाच बहुतेकांना थोडेच महिने. "त्यात तुमच्या हातात दिवसभर कात्री आणि सुई," त्या म्हणाल्या.

मला काय हे नवीन होतं? शिवणकाम सांभाळून ह्यांचं सगळं मीच केलं. दाढी करताना जरा कापलं तरी टॉवेल लालभडक. पण काय सोन्यासारखे दिवस होते ते! घर शांत झालं की ह्यांच्या छातीतून टिकटिक यायची. लपाछपीत नातवंडं आजोबांनाच पहिलं पकडायची. हे कपाटामागे श्वास रोखून उभे, आणि छाती चुगली करायची! मी शिलाई मशीन थांबवलं की आधी तो आवाज ऐकायची, मगच दोरा तोडायची. ते गेले आणि घर खायला उठलं. तोच आवाज परत मिळत असताना मी का सोडू?

घरी आल्यावर लेक कडाडली. "आई, त्या गोळीनं तुला काही झालं म्हणजे?"

"झालं तर झालं! तो आवाज असला की मला झोप लागते. तुला नाही कळायचं."

मग खिडकीतला ह्यांचा जुना रेडिओ उचलून तिनं माझ्यापुढे ठेवला. "बाबा दिवसभर हा का लावून बसायचे?"

"गाण्यांचं वेड होतं त्यांना."

"कसलं वेड! गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. स्वतःची टिकटिक ऐकून त्यांचं डोकं उठायचं, आई. उशीवर कान टेकला की जास्तच. तुला सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती."

"काहीतरीच! मग मी अंथरुणावर आले की रेडिओ बंद का करायचे?"

"तुला त्या आवाजानं झोप लागते म्हणून."

असला कसला माणूस! इतकी वर्षं मी शेजारी गाढ झोपत होते, आणि हे जागे. मला इतका राग आला, इतका राग आला, की मी ढसाढसा रडले.

पडद्याची झडप बसवून घरी आले, तेव्हा लेकीनं माझ्या छातीला कान लावला.

"टिकटिक नाही गं काही."

"बरं झालं. आता तो रेडिओ लाव."

तिनं लावला. बायकोला झोप लागावी म्हणून ज्यांनी तो रोज बंद केला, त्यांची उशी मी जवळ ओढून घेतली.

"झोपलीस की बंद करते हं."

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "आज ह्यांना पोटभर ऐकू दे."