खुर्ची कोणी सरकवली

साइटच्या पत्र्यावर चिमण्या येईनाशा झाल्यात.

सकाळी फोर्कलिफ्टची खुर्ची दोन बोटं पुढे सरकलेली. मेहुण्याचे पाय आखूड.

बायको आणि तिचा भाऊ ओट्यापाशी कुजबुजतात. आपण गेलो की विषय बदलतो.

घरातला फोन वाजतच नाही. बायको मात्र मधेच उठून तो उचलते.

भोंगा मुका.

ऑपरेटरच्या मते यातली शेवटची गोष्ट जिवावरची होती. फोर्कलिफ्टचा हात लांबवताना वजन झेपेनासं झालं, की केबिनमधला भोंगा बारीक, टिपेच्या आवाजात ओरडतो. तेव्हा थांबलं नाही तर मागची चाकं उचलली जातात आणि विटांची थप्पी खालच्या माणसांवर. हल्ली तो ओरडत नव्हता. तार कोणीतरी तोडली होती. फोरमनला सांगितलं असतं तर चोर सावध झाला असता. आणि चोर, नुकताच परवाना मिळवलेला मेहुणा, त्याच्या खुर्चीवर डोळा ठेवून समोरच उभा होता. इशारे द्यायला.

“दाजी, जमीन भरावाची आहे. हात फार काढू नका.”

“तू मला शिकव! तुला इथे चिकटवला कोणी?”

“तुम्हीच. म्हणून तर तोंड उघडतोय.”

थप्पी वर गेली. मग पुढे. मेहुण्याने दोन्ही हात आडवे पसरले. थांबा.

चारचौघांत शोभा करतोय माझी, असं ऑपरेटरला वाटलं. पण इशारा वैऱ्याने दिला तरी थांबायचं, हे हाडात मुरलेलं. तो थांबला.

मग त्याला गवंडी दिसला. पाठमोरा काम करणारा गवंडी वळून केबिनकडे बघत होता. मिक्सरवालाही. घमेलं खाली ठेवून एका बाईने कानांवर हात दाबले होते.

इंजिन तर त्याला स्वच्छ ऐकू येत होतं.

त्याने डोक्यावरच्या भोंग्याच्या जाळीवर बोट टेकवलं. जाळी थरथरत होती. त्याने फोर्कलिफ्टचा हात हळूहळू आत घेतला. थरथर थांबली.

थप्पी जमिनीवर ठेवून त्याने इंजिन बंद केलं, चावी काढली. मेहुणा धावत आला.

“दाजी?”

“खुर्ची पुढे घे,” चावी त्याच्या हातात देत तो म्हणाला. “तुझे पाय पुरायचे नाहीत.”

तो उतरला. पत्र्यावर चिमण्या बसल्या होत्या. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या.

मेहुण्याने या खुर्चीत बसून भोंगा तपासला होता, तो गेल्या आठवड्यात. भोंगा ठणठणीत वाजला होता. त्याच संध्याकाळी तो बहिणीला म्हणाला होता, “तूच सांग त्यांना.”