दुसरी चाबी

दसऱ्याला आमच्या घरी गाडीची पूजा होते, आणि माझ्या बायकोच्या, शकुनबाईच्या, हाताला माप नाही. यंदा तिने गाडीला, चाकांना आणि शेवटी चाबीलाही हळद-कुंकू लावलं, तेही चांगलं पाण्यात कालवून. तेव्हापासून चाबीतल्या रिमोटचा पल्ला घटला. पूर्वी मी ओसरीतल्या खुर्चीवरून बटण दाबलं की फाटकाबाहेर गाडी डोळे मिचकावायची. आता काचेला नाक लावल्याशिवाय ती ओळखही देत नव्हती.

"हळदीनं कोनाचं वाईट झालं आहे का आजपर्यंत?" असं शकुनचं म्हणणं. तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस सिहोऱ्यात अजून जन्माला यायचा आहे. म्हणून मी गुपचूप तुमसरला अश्विन मेकॅनिककडे गेलो.

अश्विनने चाबी उघडली. आतला बटणाएवढा सेल बदलला, त्याखालच्या पात्या खोडरबरने घासून पिवळं-लाल सगळं काढलं. फरक नाही. मग म्हणाला, घरावर सोलर असेल तर त्याचीही गडबड असते, गाडी मोकळ्यात नेऊन पाहा. मी गाडी धानाच्या बांध्यांमधल्या सडकेवर नेऊन उभी केली. फरक नाही. तिसऱ्या खेपेला त्याने नवीन काढलं, "काकाजी, चाबी हनुवटीले लावून दाबा. पल्ला वाढते."

खरोखर चार पावलं वाढला. पण धानाचा एवढा व्यापार केलेला साठीचा माणूस भर चौकात हनुवटीला चाबी लावून उभा राहतो, हा लोकांना फुकटचा तमाशा झाला. मी चिडलो.

"आता दुसरी चाबी आना," अश्विन म्हणाला. "ते दुरून चालली त खराबी या चाबीत. तेही नाही चालली त खराबी गाडीत. उगाच रोग रेड्याले अन् औषध पखालीले कायले?"

"दुसरी नाही."

"नाही कशी? गाडीसोबत दोन भेटते ना, काकाजी."

भेटतात. दुसरी चाबी माझ्या लेकीच्या पर्समध्ये होती, आणि लेक लाखांदूरला. भंडारा जिल्ह्याच्या एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला ती.

लेकीचं नाव अपेक्षा; ती माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवायची. तीन वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या पसंतीने कोर्टात लग्न केलं. मी गेलो नाही. मनात हिशेब साधा होता: आठ दिवसांत येईल, पाया पडेल, मी तासभर तोंड फिरवून बसेन, मग शकुन आम्हा दोघांना जेवायला वाढेल. ती आली नाही. मी फोन केला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ तिने माझ्याकडूनच घेतला होता. आईला तिचा फोन यायचा. शकुन स्वयंपाकघरात बोलायची आणि मी बाहेर टीव्हीचा आवाज कमी करून बसायचो.

चाबी मात्र मी मागितली नाही, तिनेही परत पाठवली नाही. जिच्याजवळ आपल्या गाडीची चाबी आहे ती पुरती गेली नाही, अशी मी माझी समजूत घालत होतो. तिची आठवण आली नाही असा एक दिवस गेला नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

शेवटी फोन लावला. तीन वर्षांतला पहिला.

"बाबा?" ती म्हणाली.

सांगायचं खूप होतं. मी म्हणालो, "चाबी पाहिजे होती."

मग सेल, खोडरबर, सोलर सगळं सांगितलं. हनुवटीचं सांगितलं तेव्हा ती खळखळून हसली. मग म्हणाली, "सोमवारी सकाळच्या भंडाऱ्याच्या बसनं पाठवतो. ड्रायव्हर काका ओळखीचे आहेत."

सोमवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला. शकुन म्हणाली, "पाकीट आनाले जाऊन राहिले का पाहुनपनाले?" मी बाहेर जाऊन गाडी पुसायला घेतली. तिला कळलं होतंच. पाकिटाऐवजी पाकीट पाठवणारीच उतरली तर, असंच माझं सकाळभर चाललं होतं.

भंडाऱ्याच्या स्टँडवर बस लागली. उतरणाऱ्या प्रत्येक बाईकडे मी पाहिलं. बस रिकामी झाली आणि शेवटी ड्रायव्हर उतरला. त्याने खाकी पाकीट हातात दिलं. आत चाबी होती. चिठ्ठी नव्हती. दोन ओळी लिहायला काय जात होतं, म्हणून आधी राग आला, मग भीती वाटली. आता तिच्याजवळ आमचं काहीच उरलं नव्हतं.

सडकेच्या पलीकडे जाऊन बटण दाबलं. चाळीस पावलांवर, मध्ये ट्रक-ऑटो असताना गाडीचे दिवे लागले. म्हणजे खराबी माझ्याच चाबीत. निकाल लागला, आणि पुन्हा फोन करायला कारण उरलं नाही.

तरी केला.

"तुझीही चाबी नाही चालून राहिली," मी म्हणालो.

"मंग खराबी गाडीत आहे, बाबा. मेकॅनिकले दाखवा."

"एकदा तू येऊन पाह्यली असती त..."

"मी येऊन काय करू?"

या वयात लेकीशी खोटं बोलताना मला घाम फुटला. "चालते, बाई," मी म्हणालो. "सडकेच्या पल्याडून चालते. तू याव म्हनून खोटं बोललो. घर खाले उठते तुझ्याबिगर."

ती म्हणाली, "तीन वर्सं झाले, बाबा. दर दिवाळीले बॅग भरून ठेवतो मी. आनाले कोनी येतच नाही."

आमच्याकडे लग्न झालेली लेक पहिल्यांदा माहेरी आपली आपण येत नाही. घरचं कोणीतरी तिला आणायला जातं. माझ्या बहिणीला, चंद्रकलाला, मी स्वतः सायकलवर बसवून आणलं आहे. पण कोर्टातल्या लग्नाला कसली आली रीत, असं मी धरून बसलो. तिने मात्र ती रीत धरून ठेवली होती. मी ओसरीत वाट पाहत होतो आणि ती तिकडे.

फोन चालूच होता. मी गाडीत बसलो.

"बाई," मी विचारलं, "लाखांदुरात तुझं घर कोन्या गल्लीत आहे?"

मला ते ठाऊकच नव्हतं.